मिरचीच्या हातांनी झाकलेली उल्का

बंगळूरच्या बसवनगुडीत गच्चीवरच्या एका खोलीत आम्ही नवराबायको राहतो. कंपन्यांतल्या मराठी पोरांना डबे पुरवतो. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून मी स्वयंपाकघरंच पाहत आलोय. घरमालकीण अक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या. नांदेडकडून आलेल्या आम्हा अनोळखी माणसांना त्यांनी आसरा दिला, ते मी कसा विसरेन!

त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर मी दाराबाहेर बसून ठेच्यासाठी मिरच्या मोडत होतो. बायको शेजारी कोथिंबीर निवडत होती. तिला सातवा महिना. आधीचं मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे ती नुसती शिंकली तरी मी हातातलं काम टाकून धावायचो.

अचानक गच्ची लख्ख उजळली. पाण्याच्या टाकीची सावली सरसर सरकली. वर पाहिलं, तर नारळांच्या शेंड्यांवरून हिरवट जाळाचा गोळा चाललेला. आवाज कसलाच नाही. आमच्या गावी म्हणतात, गरोदर बाईनं तुटता तारा पाहू नये. मी झटकन दोन्ही हातांनी तिचे डोळे झाकले.

ती किंचाळली. मला वाटलं, झालं, पाहिला हिनं!

"अहो, मिरची! हात काढा!"

आरडाओरडा ऐकून अक्का वर आल्या. "अय्यो, मिरचीच्या हातानं डोळे धरतात काय रे? सरक, स्वल्प गार पाणी आण." त्यांनी तिचे डोळे धुतले. "बाळ झालं की ह्याच्या हातात देऊ नको गं बाई!"

दोघी हसल्या. मला हसू येईना.

अक्का खाली गेल्यावर बायकोनं विचारलं, "कसा होता?"

"काय?"

"तारा. सगळ्या बंगळूरनं पाहिला असेल, मीच राहिले."

"तुटता तारा पाहिला की कुणाला सांगायचा नसतो. तुला तर नाहीच."

तिनं लाल डोळे पदरानं टिपले. मग म्हणाली, "गेल्या वेळी सगळं पाळलं होतं की. ग्रहण सुटेपर्यंत अंधारात बसले होते. हललेसुद्धा नव्हते."

त्या मुलाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती.

तिच्याजवळ सरकून बसलो. म्हणालो, हिरवा होता.

"कसला हिरवा?"

"कोवळ्या हरभऱ्यासारखा. मागं केशरी शेपूट. ठिणग्या सांडत गेला."

"असं तुटक नको," पोटावर हात ठेवून ती म्हणाली. "आम्हा दोघांना नीट सांगा. सावकाश."

मग मी पहिल्यापासून सांगायला लागलो.