नो डिस्क

आमच्या कारंजा गावात भीतीचे किस्से निघाले की लोक पडक्या विहिरी नाहीतर चिंचेची झाडं सांगतात. माझे सगळे किस्से एकाच बैठकीच्या खोलीतले, तेही भर दुपारचे. दर रविवारी एखादी भर पडते. माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, त्यामुळे मला माहीत आहे की मेमरी फुल झाली की थोडं बाहेर काढावं लागतं.

खोली दिगांबरकाकांची. काका कापसाच्या जिनिंगमधून रिटायर, आणि कट्टर एसएसीडीवाले. त्यांचे दोस्त भगत सर, गणिताचे रिटायर मास्तर, तितकेच कट्टर डीव्हीडी-ऑडिओवाले. दोन्ही तबकड्या दिसतात सारख्या, साध्या सीडीपेक्षा कितीतरी बारीक आवाज धरतात, आणि एक वाजवणारं मशीन दुसरीला सहसा ओळख देत नाही. दोघांची आपापली मशीनं कधीच मेली. आता उरलंय एकच, दोन्ही वाजवणारं, काकांच्या शोकेसमध्ये.

त्याची लेन्स थकलीय. ट्रे आत गेला की स्क्रीनवर आधी 'नो डिस्क' येतं. मग कधी वाचतं, कधी नाही. तेवढ्या वेळात पंखा बंद, कूलर बंद, बोलणं बंद. एकदा मला शिंक आली तर काकांनी माझं नाक धरलं. माझं!

*

मशीन वाचायला लागलं की जीव भांड्यात पडतो आणि भांडण सुरू होतं.

"तुह्या डिस्कमधी एकच बिट हाये बाप्पा," भगत सर म्हणतात. "आमच्यात चोवीस!"

"एकच हाये, पण सेकंदाले लाखो वेळा पळते. तुहे चोवीस बसून राह्यते!"

काकांच्या बऱ्याच डिस्कमध्ये एसएसीडीच्या जोडीला साध्या सीडीचाही थर असतो. एका रविवारी मी गुपचूप सेटिंग बदलून तोच थर लावला. काका डोळे मिटून तासभर, "आयक भगत, सतारीच्या तारांमधली हवा आयकू येते. सीडीच्या बापाले जमन का?"

स्क्रीनवर ठळक अक्षरात 'सीडी' लिहिलेलं होतं. भगत सरांनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणाले, "काही सांगू नको. लेन्स थकल्यापासून आज दोन वर्षांनी खुश दिसून राह्यला."

*

भगत सरांची बाजू समजण्यासारखी आहे. डीव्हीडी-ऑडिओ घरी बनवता येते, एसएसीडी येत नाही. त्यांच्या भाच्यानं खूप पूर्वी चांगला माइक लावून सरांच्या बायकोचा, शांताकाकूंचा, पाळणा रेकॉर्ड केला आणि त्याची डिस्क करून दिली. दोन कडवी होतात, कुकरची शिटी वाजते, काकू "अगं बाई, वरण!" म्हणतात आणि रेकॉर्डिंग संपतं.

सरांच्या मते क्वालिटी इतकी भारी की शिटीवरून डाळ तुरीची की मुगाची ते कळतं.

नंतर काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्या फक्त कुजबुजतात. त्यांचा आवाज उरलाय तो या एका डिस्कवर. भाच्याचा कम्प्युटर भंगारात गेला. कॉपी करायला डिस्क मी माझ्या कम्प्युटरमध्ये घातली, तर त्यानं थुंकून बाहेर टाकली. स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड करू म्हटलं, तर सर म्हणाले, "मंग तुरीची का मुगाची, कसं समजन?" तिला वाचणारं मशीन एकच, काकांचं. 'नो डिस्क' आलं की सरांचा चेहरा का पांढरा पडतो, ते तेव्हा मला कळलं.

*

मग मशीन अकोल्याला दाखवायचं ठरलं. एसटीत, रजईत गुंडाळून, दोघांच्या मांडीवर आडवं. मी मागच्या सीटवर.

कंडक्टरनं हळू आवाजात विचारलं, "तब्येत जास्तच हाये का?"

"लेन्स गेली," काका म्हणाले.

"अरेरे. एकाच डोयाची ना?"

मेकॅनिकनं मशीनला कान लावला आणि म्हणाला, "उघडलं तं बंद पडन. नाही उघडलं तरी पडन, पण थोडं उशिरा." आम्ही न उघडता परत आणलं. मूर्तिजापूरला सरांनी रजईचं टोक उचलून आत पाहिलं आणि परत नीट खोचलं.

*

वातावरण हलकं करावं म्हणून पुढच्या रविवारी मी मागच्या स्पीकरआड फोन ठेवला आणि त्यावर उंदराचा आवाज वाजवला. वायर कुरतडणारा उंदीर म्हणजे या दोघांसाठी यमच. त्यांनी गाद्या उपसल्या, शोकेस सरकवलं, काका चक्क सोफ्याखाली गेले आणि तिथेच अडकले.

तेव्हापासून नियम झाला. मी आत आलो की माझा फोन बंद करून पोह्याच्या डब्यात, आणि डबा भगत सरांच्या नजरेसमोर.

*

गेल्या रविवारी शांताकाकू पहिल्यांदाच आल्या. इतकी वर्षं त्या टाळायच्या. कुजबुजत म्हणायच्या, "मले भेव लागते बाई माह्या आवाजाचं." पण मशीन आता जाणार हे कळलं, म्हणून आल्या. पोह्याचा डबा त्यांच्याच मांडीवर दिला.

डिस्क आत गेली. 'नो डिस्क'. सरांनी काढली, पुसली, परत घातली. 'नो डिस्क'. मग स्क्रीनच विझली.

काकांनी बटण दाबलं, स्विच पाहिला, शेवटी पिन टोचून ट्रे ओढला. सरांनी डिस्क उचलून छातीशी धरली. काकांनी मशीनचा प्लग ओढून काढला.

आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून पाळणा सुरू झाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोट्ट्या!" भगत सर ओरडले. मी डब्याकडे बोट दाखवलं. काकूंनी झाकण उघडलं. पोहे, त्यात माझा फोन, बंद.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. शिटीची जागा आली. सर कान देऊन उभे होते, ओठ पुटपुटत होते, "आता... आता..."

शिटी वाजलीच नाही. आवाज थोडा थांबला, श्वास घेतला आणि तिसऱ्या कडव्यात गेला.

काकूंनी डबा खाली ठेवला. "हे कडवं," त्या कुजबुजल्या, "म्या कधी गायलंच नाही."

दिगांबरकाका भिंतीला चिकटले होते. ओढलेली वायर अजून त्यांच्या मुठीत होती. कडवं संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग अगदी हळू विचारलं,

"भगत... हा कोणचा फॉरमॅट हाये बे?"