दत्ताभाऊच्या पायासाठी चाकण ते दिवेआगर

दत्ताभाऊ कंपनीत माझ्याच असेंब्ली लाइनवरचा. तळेगाव रस्त्यावर कंटेनरनं त्याला दुचाकीसकट उडवलं आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला. मग आमच्या मोठ्या साहेबांनी कँटीनमध्ये जाहीर केलं, की टीम चाकण ते दिवेआगर सायकलनं पोचली तर कृत्रिम पायाचा खर्च कंपनी करेल. मागून कुणीतरी विचारलं, नाही पोचली तर? साहेब नुसते हसले. पाय थेट दिला असता तर फोटो कशाचा काढला असता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

टीम म्हणजे साहेब, मी आणि माझा जोडीदार सुदाम.

सायकल निवडताना माझी झोप उडाली. जाड टायरची खड्ड्यात बरी, पण चढाला रडवते. बारीक टायरची पळते, पण आपल्याकडे पळणं आणि पंक्चर होणं बरोबरच चालतं. रावेतच्या दुकानात बरेच रविवार घालवून शेवटी मधली घेतली, हायब्रिड. उंची जुळावी म्हणून दुकानदारानं टेप लावून माझा पाय मोजला. मला शंका आली, त्यानं परत मोजला. तिसऱ्यांदा म्हणाला, "भाऊ, पाय तोच आहे."

सुदामनं पुतण्याची शाळेची सायकल आणली. साहेबांची कार्बनची. सुदामनं ती एका हातानं उचलली आणि मला हळूच विचारलं, "ही सायकल हाय का पापड?"

रस्ताही मीच निवडला. तळेगाव-लोणावळा पहिल्यांदा बाद केला. ज्या रस्त्यानं पाय नेला, त्याच रस्त्यानं पायासाठी जायचं मला पटेना. म्हणून मोशी, रावेत, पुनावळे, माण, पौड, मग ताम्हिणी उतरून माणगाव आणि दिवेआगर. तुम्ही निघणार असाल तर माण उजाडायच्या आत ओलांडा. नंतर आयटीच्या गाड्यांत सायकल चालवायची नसते, धरून उभं राहायचं असतं.

पुनावळ्यात दत्ताभाऊ कुबड्या घेऊन घरासमोर रस्त्यावर थांबला होता. त्यानं आम्हाला चहा पाजला आणि माझा पाय तीनदा मोजल्याचा किस्सा ऐकून हसला. साहेबांनी त्याला मध्ये घेऊन फोटो काढला. त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, पाय कधी बसवायचा, ठरलं का काही?"

"आधी पोचू तर दे," साहेब म्हणाले.

माणच्या पुढं साहेबांची सायकल मागून येणाऱ्या कंपनीच्या गाडीच्या टपावर चढली आणि साहेब एसीत बसले. याला टीमला मागून आधार देणं म्हणतात. आधार पौडला मिसळ खायला थांबला आणि नंतर पुढं निघून गेला.

मुळशीचं पाणी उजव्या हाताला चमकत होतं आणि मी ते बघत होतो, तेवढ्यात कट्‌ आवाज झाला. सीटचा बोल्ट तुटला होता. मी सुदामकडं बघितलं. निघायच्या आधी त्यानं सगळ्या सायकलींचे बोल्ट लाइनवरच्यासारखे आवळले होते. कंपनीत सैल बोल्ट सापडला की मेमो मिळतो, जास्त आवळल्याचा मेमो आजवर कुणाला मिळालेला नाही.

"अरे, ही सायकल आहे, ट्रकची चेसिस नाही," मी म्हणालो.

"आता न्हाई हालायची, म्हनून आवळला," तो म्हणाला. खरंच हलला नव्हता, तुटला होता.

मी रस्त्यातच बसलो. मी नाही पोचलो तर पाय जाणार, तोही दुसऱ्यांदा. सुदामनं पिशवीतला मोहिमेचा फ्लेक्स काढला, पट्ट्या फाडल्या आणि सीट नळीला करकचून बांधली. सगळ्यात जाड घडी वर आली, तिच्यावर साहेबांचा चेहरा होता. ताम्हिणीचा उतार मी पायी उतरलो. बाकी रस्ताभर साहेबांवर बसून गेलो. निजामपूरला मुक्काम केला. खोली साधी, चादर स्वच्छ, मच्छर भरपूर. माणगावला हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मिळाला. म्हसळ्याच्या अलीकडच्या चढाला जीव निघतो, पाणी जास्त ठेवा.

दिवेआगरच्या वेशीवर साहेब ताजेतवाने होऊन सायकलवर बसले आणि आमच्या पुढं राहून पोचले. किनाऱ्यावर थर्माकोलचा भलामोठा चेक निघाला. फोटो झाले. सुरमईची थाळी मात्र कंपनीच्या पैशानं झाली आणि उत्तम होती.

सायकली टेम्पोत घालून आम्ही परत आलो. बऱ्याच दिवसांनी मी दत्ताभाऊकडं गेलो. चेक भिंतीला टेकवून ठेवलेला. "बँकेत न्यावा म्हणलं, पण रिक्षात बसंना," तो म्हणाला. मी विचारलं, पायाचं माप कधी घेतलं? कुणीच घेतलं नव्हतं. साहेब कोटेशनची वाट बघत होते, आणि मापाशिवाय कृत्रिम पाय बनवणारं केंद्र कोटेशन देत नव्हतं.

मग मी दुसरा रस्ता निवडायला बसलो. पुनावळ्याहून केंद्रापर्यंत. आधी एकटा जाऊन आलो. पुढच्या दाराला पायऱ्या, मागच्या फाटकाला उतरती वाट. रिक्षा मागच्या गल्लीत घ्यायची, हे पक्कं केलं.

केंद्रातल्या माणसानं डाव्याचा साचा घेतला, उजवा पाय टेपनं मोजला आणि आकडा लिहिला. मी म्हणालो, परत एकदा मोजा. तो माझ्याकडं बघत राहिला.

"मोजा साहेब," दत्ताभाऊ म्हणाला. "ह्यो तिसऱ्यांदा पण मोजायला लावतोय."