दारातली सीट

भांडण झालं ते गाडी घरी आली त्याच आठवड्यात. शहराच्या कडेच्या आमच्या क्वाउतेपेकमधली घरं डोंगराला चिकटलेली, भिंती नुसत्या करड्या विटांच्या, गिलावा नसलेल्या. एका घरात कुणी शिंकलं तर तिसऱ्या घरातून 'देव बरं करो' म्हणतात. त्यामुळे हे भांडण ऐकायला कुणालाच कान लावावा लागला नाही.

"नव्या गाडीची सीट उपटलीस? वेड लागलंय का तुला?" निन्फा ओरडत होती.

"टॅक्सी आहे ती. व्होचो गाडीला दोनच दारं. पुढची सीट ठेवली तर उतारू मागं जाणार कुठून? खिडकीतून?"

"मग मी बसू कुठं?"

"मागं. सगळे मागंच बसतात."

"सगळे पैसे देऊन बसतात. मी देवळात तुझ्याशी लग्न करून बसणार आहे."

"खड्डा आला की दोघांनाही सारखाच लागतो."

मग काहीतरी पत्र्याचं आपटलं. मग निन्फाचा आवाज, पण खालच्या पट्टीत. "गावी बहिणीला, चोलेला, सांगून आलेय मी. येईन तर नवऱ्याच्या गाडीत, त्याच्या शेजारी बसून येईन, म्हटलं."

"येशील. तुला समुद्रावर न्यायचं त्या दिवशी ही सीट माझ्या हातानं बसवीन. ग्वादालुपेच्या आईची शपथ."

"आणि तोवर?"

"तोवर सीट तुझी. जा, घाल डोक्यावर."

निन्फानं डोक्यावर नाही घातली. फरफटत दारात आणली, भिंतीला टेकवली, खाली दोन विटा सारल्या आणि वर बसली. ती तिशीतली होती तेव्हा बसली, ती साठी उलटून गेली तरी बसलेलीच.

निन्फा मूळची पारेदोनची, पार दक्षिणेचं, खाडीवरचं कोळ्यांचं गाव. परकर सावरता येईना त्या वयात शहरात दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला आली. थोरली बहीण चोले गावातच राहिली, मासे सुकवत. आईच्या मातीला निन्फा एकदा बसनं जाऊन आली. पोचली तेव्हा अंधार, निघाली तेव्हा रडणं. समुद्राकडे पाठ करूनच सगळं झालं. ते काही ती धरत नसे. "ते जाणं नव्हे, ते पोचवणं," म्हणायची.

नवरा एलेउतेरिओ, पण एवढं लांब नाव घ्यायला वेळ कुणाला? सगळे तेयो म्हणत. आमच्या डोंगराचे चढ असे, की पाण्याच्या गाड्या माना टाकतात. व्होचो मात्र चढते. गोल पाठीची, इंजिन मागं, त्याला पाणी लागत नाही, वाऱ्यावर थंड होतं. तेयो उजाडता खाली जायचा, दिवे लागता वर यायचा. पुढच्या सीटच्या जागेवरून उतारू मागं चढला, की तो जागेवरूनच दाराला बांधलेली दोरी ओढायचा आणि दार धाडकन लागायचं. सगळ्याच टॅक्सीवाल्यांची ती रीत होती.

निन्फा दारातल्या सीटवर बसून तामाले विकायची. रोज चुन्याच्या पाण्यात मका शिजवायचा, बादलीतून खालच्या गिरणीत न्यायचा, ओलं पीठ आणायचं, मक्याच्या पानात गुंडाळून उकडायचं. गिरणीत तेयोच सोडायचा. ती मागं बसायची, बादली मांडीवर.

"ड्रायव्हर, मीटर बरोबर आहे ना? मागच्या खेपेला फसवलंत."

"बाई, आजवर तुमच्याकडून एक पेसो घेतला नाही."

"घ्याल कसे? माझ्या तामाल्यांच्या डब्यातूनच तर पेट्रोल भरता."

हे संभाषण दर सकाळी व्हायचं. शब्द बदलायचे नाहीत. लोक प्रार्थना म्हणतात, हे दोघं हे म्हणायचे.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात अख्खं शहर समुद्राकडे पळतं. त्याच्या आधी दरवर्षी तेयो गाडी तयार करायला घ्यायचा. ऑईल बदलायचा, प्लग घासायचा, फॅनबेल्ट ताणून बघायचा. दरवर्षी काहीतरी आड यायचं. एकदा क्लच गेला. एकदा सासू आजारी पडली. एकदा भूकंप झाला, त्यात तर तेयोचा काही दोष नव्हता, तरी निन्फानं त्यालाच बोल लावला. मग शहरानं व्होचो टॅक्स्या मोडीत काढल्या. तेयोनं गाडी मोडीत दिली नाही. आमच्या डोंगरावर कोण विचारतं, म्हणून चोरून भाडी मारत राहिला. समुद्र पुढच्या वर्षावर जात राहिला.

मग निन्फाची मूत्रपिंडं गेली.

आठवड्यातून तीनदा मोठ्या इस्पितळात यंत्रावर रक्त धुवायला जायचं. परत आली की तिचा चेहरा धुवून वाळत घातलेल्या कपड्यासारखा दिसे. पाय सुजून चपलेत मावेनात. तामाले बंद झाले. घरापुरतं पीठ मात्र ती दळून आणी. यंत्राकडे जाताना बादली गिरणीत ठेवायची, येताना घ्यायची.

त्या वर्षी मात्र तेयोनं गाडी खरी खोलली. सणाची वाट बघितली नाही.

"कुठं निघालास?" निन्फानं दारातून विचारलं.

"पारेदोनला."

"क्लच कसा आहे?"

"नवा घातला."

"भूकंपाला विचारलंस?"

तेयो गाडीखालून हसला, पण बाहेर आला नाही.

सकाळी इंजिन गार असतानाच तो व्हॉल्व्हची फट बघायचा. एकदा चालू केलं की गरम होतं आणि फट खोटं सांगते. फॅनबेल्ट नवा टाकला, वर एक जास्तीचा ठेवला, कारण बेल्ट तुटला की पंखा थांबतो, आणि पंखा थांबला की वाऱ्यावर जगणारं इंजिन जागच्या जागी भाजून निघतं. खालच्या गरम प्रदेशात पेट्रोल नळीतच उकळतं म्हणून निन्फाचे कपड्यांचे लाकडी चिमटे घेऊन नळीवर ओळीनं लावले. चिमट्यांनी काय थंडावा येतो ते देव जाणे, पण सगळे लावतात.

"आता माझा परकर वाऱ्यावर गेला, तर मी काय तुझी गाडी नेसू?," निन्फा म्हणाली.

मग वेळ आली सीटची. त्यासाठी फिदेन्सिओ आला. गाडी नवी असताना पाद्र्यानं तिच्यावर पाणी शिंपडलं, तेव्हा हा तिचा धर्मपिता म्हणून उभा होता. त्यावरून तो दोघांचा कोंपाद्रे, आणि निन्फा त्याची कोमाद्रे. त्यांना मूल नव्हतं, नातं गाडीवरून जुळलं. फिदेन्सिओ वेल्डिंग करायचा. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, तरी वेल्डिंगला तसाही एकच डोळा लागतो, असं त्याचं म्हणणं.

तेयोला गाडीत एकाच गोष्टीचा गर्व होता. पुढची सीट नव्हती त्या मोकळ्या जागेत उतारूंचे चिखलाचे पाय पडायचे, म्हणून रोज संध्याकाळी तो बादलीभर पाणी मारून तळ धुवायचा, रबराची चटई पुसून वर घालायचा. "माझ्या टॅक्सीत खाली बसून जेवा," म्हणायचा. सगळ्या टॅक्सीवाल्यांना ही खोड होती. चटईखाली ओल राहते, हे कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. वरून सगळं चकचकीत होतं.

फिदेन्सिओनं चटई उचलली, स्क्रूड्रायव्हरनं नुसतं टोचलं आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

"कोंपाद्रे," तो वाकून म्हणाला, "इथून तर तुमची गल्ली दिसते. ती बघा, कुत्री पण दिसली."

तेयोनं बोट घालून कड तपासली. कड बिस्किटासारखी चुरली. जिथं सीट बसवायची तिथं बोल्टला धरायला काहीच उरलं नव्हतं.

"बरंच झालं," दारातून निन्फा म्हणाली, "पाय सोडून बसेन. समुद्र आला की लगेच कळेल."

दोघं हसले. तेयो आत जाऊन पाणी प्यायला, बराच वेळ पीत राहिला.

मेलेल्या व्होचोचा तळ शोधण्यात दिवस गेले. तो कापून बसवण्यात त्याहून जास्त. फिदेन्सिओ एक टाका मारायचा, काच वर करून बघायचा, चुकलेलं तोडायचा.

"अहो, देवानं आठवड्यात पृथ्वी केली," तेयो वैतागून म्हणाला.

"देवाच्या हाताखाली गंजका पत्रा नव्हता, कोंपाद्रे."

एकदा तिघांनी बसून हिशेब मांडला. शनिवारी रक्त धुवून निघायचं, मंगळवारी परत यंत्रावर. वाटेत मालत्राताचा उतार, मग खालचा उकाडा, मग ला व्हेन्तोसाचा वारा, जो ट्रक आडवे करतो, तिथं व्होचोचं काय. जाण्यात दीड दिवस, येण्यात दीड.

फिदेन्सिओनं बोटांवर मोजलं. "म्हणजे कोमाद्रे, चोलेताईला 'काय गं' म्हणायचं आणि लगेच 'येते गं' म्हणायचं."

"पुरे की," निन्फा म्हणाली. "तीस वर्षं आम्ही फोनवर तेवढंच बोलतोय."

पुढच्या खेपेला यंत्रावरून उठल्यावर तिनं डॉक्टरीणबाईला एकटीनंच गाठलं. बाई तरुण होती, थकलेली होती, पण खोटं बोलली नाही.

"छातीत पाणी भरतंय तुमच्या. लांब जाऊ नका."

"पारेदोन लांब आहे का?"

"कुठं आलं ते?"

"देश संपतो तिथं."

"मग नको, मावशी. अजिबात नको. आता कधीच नको."

बाहेर तेयो पुढची काच पुसत होता. "काय म्हणाली?"

"मीठ कमी खा म्हणाली."

"समुद्रात तर मीठच मीठ."

"बघायला मनाई नाही केली," निन्फा म्हणाली आणि मागं चढून बसली. घरी येईपर्यंत ती त्याच्या मानेकडे बघत होती. इतकी वर्षं मागं बसून तिला नवऱ्याची मान पाठ झाली होती. आता तिच्यावर सुरकुत्यांच्या चौकटी पडल्या होत्या.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. त्याला तळाला काळा रंग लावू दिला. चोलेसाठी निळी शाल घेतली, पिशवीत भरली, पिशवी गाडीच्या पुढच्या डिकीत स्टेपनीशेजारी ठेवली. दुकानातून चोलेला फोन केला.

"सुके झिंगे काढून ठेवलेत," चोले म्हणाली. "बस धरतेस की अजून तोच हट्ट?"

"गाडीनं येतेय. पुढं बसून."

"तू आणि तुझं पुढं. पाय कसे आहेत?"

"हत्तीचे."

"माझे पण. ये मग, दोन हत्ती बसू वाळूत."

सीट दारातून उचलायच्या दिवशी निन्फा तेलाच्या डब्यावर बसली. सीटची गादी एका बाजूला पार दबली होती, तिच्याच मापाची. मक्याच्या पानांचा वास मारत होती. स्प्रिंगांतून तिच्या केसांचे तीन आकडे निघाले आणि एक मक्याचा दाणा. तेयोनं आकडे पुसून तिच्या हातात दिले. बोल्ट आवळले. फिदेन्सिओनं सीटवर बसून दोन उड्या मारल्या, तळ हलला नाही.

"शपथ सुटली, कोंपाद्रे," तो म्हणाला.

"अजून समुद्र कुठं आलाय," तेयो म्हणाला.

भिंतीपाशी दोन विटा आणि भिंतीवर एक फिकट चौकोन उरला. निन्फा बघत राहिली. बसायची जागा गेली होती आणि जायची जागा आलीच नव्हती.

त्या शनिवारी ती यंत्रावरून उठली नाही, तिथंच गेली, पण ते दुपारचं. सकाळी मात्र ती वेणी घालून, निळी फुलं असलेला झगा घालून तयार होती. शेजारणी दारात आल्या होत्या. फिदेन्सिओनं गाडीच्या टपावर पाद्र्याचं उरलेलं पाणी शिंपडलं. ठरलेलं असं होतं, की इस्पितळातून परस्पर समुद्राकडे.

तेयोनं तिला काखेत धरून पुढं बसवलं. तिनं हात लांब करून उंबऱ्याआडची बादली मागितली. शिजवलेला मका, वर ओला टॉवेल. जो माणूस दुपारी दीड दिवसाच्या रस्त्याला लागणार, त्याला पीठ कशाला? तेयोनं बादलीकडे बघितलं. उचलली. तिच्या पायांत ठेवली, नव्या तळावर.

गाडी सुरू झाली. पुढं बसल्यावर माणसाला काय काय दिसतं! शहराचा सगळा धूर खाली पसरलेला दिसला. आरशाला बांधलेली ग्वादालुपेची आई समोरून दिसली. आणि गोल तबकडीवरचा पेट्रोलचा काटा दिसला. काटा तळाला टेकला होता. डोंगरावरचे टॅक्सीवाले घालतात तेवढंच पेट्रोल, इस्पितळात जाऊन परत येण्यापुरतं. व्हॉल्व्ह नवे, बेल्ट नवा, चिमटे ओळीत, आणि टाकी रिकामी.

निन्फानं काट्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं. वळणावरचा पंप आला आणि गेला. तेयोनं वेग कमी केला नाही.

गिरणीपाशी मात्र, कुणी न सांगता, तो थांबला.

गिरणीवाली बाहेर आली. "निन्फाबाई! आज पुढं?"

"बढती मिळाली."

"कसं दळू?"

"तामाल्याला लागतं तसं. येताना नेते."

बादली गेली. दार उघडंच होतं. तेयोनं सवयीनं दोरी ओढली. ती निन्फाच्या गुडघ्यांवरून ताणली गेली आणि दार धाडकन लागलं. तिनं दोरीवर हात ठेवला, काढला नाही.

"ड्रायव्हर, मीटर बरोबर आहे ना?"

"बाई, आजवर तुमच्याकडून एक पेसो घेतला नाही," तेयो म्हणाला आणि गाडी इस्पितळाच्या रस्त्याला वळवली.