धनेश सरांचं कापडी पुस्तक

धनेश पाटकर सरांना कल्पना सुचली की आधी त्यांची बायको रुचिराबाई घाबरतात. मागच्या कल्पनेतला करवंट्यांचा हत्ती अजून बाल्कनीत सोंडेविना उभा आहे. भिवंडीत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या सरांना आता ठाण्याच्या प्रदर्शनासाठी हातानं बांधलेलं कापडी पुस्तक करायचं होतं.

पानं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, विणताना बिघडलेल्या कापडाची. कुठे उभा धागा तुटल्याची रेघ, कुठे तेलाचा डाग. कारखान्यात कापड तपासणारा अशा दोषाभोवती गोल काढतो आणि शेजारी विणणाऱ्याचं नाव टाकतो. कारखान्याचे मालक कासमशेठ यांच्याकडून पिशवीभर तुकडे आणून सर हरखून गेले होते.

"बघ, सहीसकट चित्रं," ते रुचिराबाईंना म्हणाले.

"ज्याची सही, त्याला विचारलंत?"

"अगं, बारातल्या आठ पानांवर आमचा ओसामाच आहे. सातवीत माझ्या हाताखाली होता, आता कासमशेठच्या लूमवर असतो. खूश होईल."

शुक्रवारी लूम बंद, म्हणून सरांनी ओसामाला घरी बोलावलं आणि कच्चं पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. तिसऱ्या पानाला त्याचे कान लाल झाले. पाचव्या पानावर त्यानं नावावर तळहात ठेवला, तो उचललाच नाही.

"हे ठाण्याला लावणार, सर?"

"काचेच्या पेटीत. तुझ्या नावानिशी."

"आमच्या घरी नका सांगू." तो थांबला. "लूम महिनाभर बिघडलेला होता, सर. रोज सांगत होतो. नाव माझंच टाकत होते."

सर गडबडले. "मग तू विणलेलं चांगलं कापडही लावू की. त्यावर कुठे असतं नाव?"

"चांगल्यावर कोण नाव टाकतो, सर? ते तसंच जातं."

सरांची नजर मुखपृष्ठावर गेली. त्यासाठी त्यांनी निवडून बिनडागाचं पांढरं कापड आणलं होतं. ते कुणी विणलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यावर टपोऱ्या अक्षरांत रंगवलं होतं: संकल्पना, निर्मिती, मांडणी, बांधणी – धनेश पाटकर. सरांनी हळूच त्यावर वर्तमानपत्र सरकवलं.

"तुमची मेहनत वाया नको जायला," ओसामा समजुतीनं म्हणाला. "माझं नाव झाकलं तरी चालेल."

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी कात्री घेतली, बांधणीचा दोरा कापला आणि आठ पानं त्याच्या हातात दिली. उरलेल्या चारांवरची नावं वाचली आणि ती पानंही पिशवीत परत भरली.

रुचिराबाई चहा घेऊन आल्या. "प्रदर्शनाचा फॉर्म आजच पाठवायचा ना?"

"नाही पाठवत."

बाई कप ठेवून आत गेल्या.

बत्तीस वर्षं सरांनी पोरांना उभं करून माफी मागायला लावली होती. आता ते स्वतः गुडघ्यावर हात टेकून उठले. सर उठले म्हणून सवयीनं ओसामाही झटकन उभा राहिला, आणि सरांना बोलणं आणखीच अवघड झालं.