पट्टी डाव्या गुडघ्याला

श्रीकांतचा निकामी झाला होता उजवा गुडघा, आणि पट्टी असायची डाव्याला. कबड्डीतली ही जुनी लबाडी. पट्टी दिसली की समोरचे गडी त्याच पायावर तुटून पडतात आणि दुखरा पाय सहीसलामत परत येतो. येलहंक्याचा हा मराठी गडी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्याकडून खेळायचा. नोकरी खेळाडूंच्या कोट्यातली. रुजू होताना कुणा दीडशहाण्याने सांगून ठेवलं होतं, खेळ आहे तोवर पगार. ते याने वेदवाक्य धरलं. ऑफिसात जाऊन खातरजमा करायची? छे! मैदानावरचा हा वाघ साहेबाच्या दारात मांजर व्हायचा.

"अहो, सांगून टाका ना साहेबांना," बायको, रूपश्री, गुडघ्याला तेल चोळताना म्हणायची.

"आणि खायचं काय? स्वल्प थांब, एवढा हंगाम निघू दे."

शहाण्णवच्या हंगामाआधी कारखान्याच्या डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. याची पट्टी त्यांनी सोडली, डावा गुडघा वाकवला, दाबला आणि पाठ थोपटली. "फर्स्ट क्लास!" उजव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. श्रीकांतची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. मुकाट्याने त्याने पट्टी पुन्हा बांधली, तीही डाव्यालाच.

पहिल्याच सामन्यात चढाईला गेला, वळला, आणि कुणी हात लावायच्या आत उजवा पाय मुडपून मातीत बसला. संघाचे अधिकारी वेणुगोपाल धावत आले.

"अरे, डॉक्टर तर फिट म्हणाले होते!" ते कानडीत ओरडले.

"सर, त्यांनी डावा बघितला. गेलाय उजवा, केव्हाचाच." श्रीकांतने त्यांचा हात धरला. "नोकरी तेवढी घालवू नका, सर."

"नोकरी? अय्यो, तू कायम होऊन वर्षं झाली! खेळ सुटला की स्टोअरमध्ये बसायचं, संध्याकाळी नव्या पोरांना शिकवायचं. आधीचे सगळे तेच करतायत. तुला कुणी सांगितलं हे?"

श्रीकांतच्या छातीवरची धोंडच उतरली. एवढ्यात प्रेक्षकांतून रूपश्री धापा टाकत पोचली.

"फार लागलं का हो?"

सवयीने तो काही नाही म्हणणार होता. मग थांबला, हसला, आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "आई गं! दुखतंय, लई दुखतंय!"