लातूरची बेपत्ता पेशंट

परदेशातल्या त्या बुरशीच्या रजिस्टरनं माझं डोकं पार उठवलं होतं. असे दुर्मिळ बुरशीचे पेशंट एका गावात दोन-चारच सापडतात, म्हणून देशोदेशीची हॉस्पिटलं त्यांच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करतात. नांदेडच्या आमच्या हॉस्पिटलातून त्या भरायचं काम माझ्याकडे. नाव लिहायचं नाही, नुसता नंबर.

त्या आठवड्यात कंधारकडची एक सून दाखल होती. नाकामागच्या पोकळीत बुरशी. स्कॅन बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "इथं आधी कुणीतरी ऑपरेशन केलंय." सासू खाटेला चिकटून बसलेली. नवऱ्यानं आधी आईकडं बघितलं, मग म्हणाला, "न्हाई, पहिल्यांदाच हाय हे." सुनेनंही मान हलवली. मी आपलं 'पूर्वी आजार: नाही' भरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टरवाल्यांची मेल. तुमची ही पेशंट आणि लातूरची एक जुनी पेशंट एकच तर नव्हे? जन्मसाल जुळतं, बुरशी तीच, बाजू तीच. लातूरच्या नोंदीत पुढं लिहिलेलं: बुरशीच्या इंजेक्शननं किडनीला त्रास, चौथ्या दिवशी इंजेक्शन बंद, नंतर पेशंटचा पत्ता नाही. आणि इकडं मॅडम तेच इंजेक्शन दुपारी सुरू करणार होत्या!

घाईनं लातूरला फोन लावला. तिथल्या बाईंनी जुनी फाइल काढून नाव वाचलं. नाव वेगळं, आडनावही वेगळं. म्हटलं चला, सुटले एकदाची. फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. अगं बावळट! तुझं तरी माहेरचं नाव कुठं राहिलंय? लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, त्या दिवसापासून जुन्याला कोण विचारतंय?

सासू जेवायला गेल्यावर मी सुनेजवळ बसले आणि ते लातूरचं नाव हळूच घेतलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

"ताई, ह्यांना सांगू नका. लग्नाच्या आधीचं हाय ते. माहेरच्यांनी सांगितलंच न्हाई."

"अगं, जिवापेक्षा मोठं आहे का ते?"

ती रडायलाच लागली. खरंच मोठं असेल तर? पण मॅडमना सांगणं भाग होतं. सांगितलं, घरच्यांपुढं बोलू नका म्हणून हातही जोडले. इंजेक्शन थांबलं.

थोड्या वेळानं तिचा नवरा माझ्या टेबलाशी आला. इंजेक्शन का दिलं नाही, असं विचारणार म्हणून मी काहीतरी खोटं जुळवत होते. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. लातूरचं डिस्चार्ज कार्ड, घड्यांवर फाटलेलं.

"ताई, त्या इंजेक्शननं तिला लई तरास झालता. देऊ नका. आईसमोर बोलता आलं न्हाई."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"लग्नाच्या वर्षीच तिच्या पेटीत सापडलं. पण मला म्हाइत हाय, हे तिला सांगू नका. आधीच लई भिऊन राहिली ती."

आता रागवावं तरी कुणावर? मी दोन्ही नोंदी एक करा म्हणून मेल पाठवली. लातूरच्या नोंदीतलं 'पत्ता नाही' काढून 'हयात' करायला लावलं.

संध्याकाळी वॉर्डात गेले. तो पाणी आणायला वळला तशी ती कुजबुजली, "ताई, सांगितलं न्हाई ना?"

"नाही गं."

निघताना तो दारापर्यंत मागं आला. त्यानंही तेच विचारलं. त्यालाही नाहीच म्हणाले.