साडेचारची नाडी

लोंढे सिस्टर वॉर्डात आल्या की आधी पेशंटच्या पायांना हात लावायच्या. तोंडाकडे नंतर बघायच्या आणि कागदाकडे सगळ्यात शेवटी. पांघरुणाखाली हात घालून दोन्ही तळपाय धरायच्या, क्षणभर थांबायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या. आमचं ट्रस्टचं रुग्णालय शेवगावच्या पुढे आहे. तिथे येणारी माणसं शेतकरी, नाहीतर ऊसतोडीची. पांढऱ्या साडीतली, पंचावन्नच्या घरातली बाई आपल्या पायाला हात लावते म्हटल्यावर म्हातारे दचकून पाय ओढून घ्यायचे. "अवो बाई, आमाला पाप लागंल की," म्हणायचे. सिस्टर म्हणायच्या, "लागलं तर गोळी देते. पाय इकडं करा."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, नर्सिंग पुरं करून नुकतीच लागलेली. मला हा प्रकार जुनाट वाटायचा. बीपीचं मशीन आहे, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, मग पाय कशाला चाचपायचे? एकदा धीर करून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "शुभे, तोंडाला माणूस पावडर लावतं, कुंकू लावतं, दुखत असलं तरी हसतं. पायाला कुणी हसायला शिकवलेलं नाही. आत रक्त कमी पडलं की शरीर आधी पायाला वाऱ्यावर सोडतं. पाय गार लागला की मशीन शोधत बसू नको, मला हाक मार."

त्या मूळच्या राहुरीकडच्या. नगरला शिकल्या आणि सगळं आयुष्य वॉर्डात काढलं, त्यातलं बरंचसं बाळंतिणींजवळ. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. रविवारी चर्चमधून परस्पर वॉर्डात यायच्या, सुट्टी असली तरी. गोड बोलणाऱ्या मात्र मुळीच नव्हत्या. नवीन डॉक्टरांना त्या "लेकरू" म्हणायच्या, तेही तोंडावर. आम्हा मुलींना टेबलाशी बसलेलं पाहिलं की, "वॉर्ड म्हणजे चुलीवरचं दूध हाय. पाठ फिरवली की गेलं," असं पुटपुटत जायच्या. रबरी चपला घालायच्या, त्यामुळे त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील, पण चार्ट लिहिताना माझी मान अजून आपोआप मागे वळते.

त्या वर्षी विश्वस्तांनी ठरवलं की रुग्णालयाला गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळवायचं. त्याआधी आमच्याकडे हात धुवायच्या बेसिनजवळ साबण असेलच याची खात्री नसायची. प्रमाणपत्राच्या निमित्ताने साबण आला, औषधांवर तारखा आल्या, कचऱ्याच्या डब्यांना रंग आले. हे सगळं चांगलंच झालं. त्याचबरोबर तक्ते आले. प्रत्येक खाटेला चार, बाळंतिणीला सहा. माझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून फायलींचं काम माझ्याकडे आलं आणि मी फुशारले. सिस्टरना कागदाचं वावडं नव्हतं. त्या एवढंच म्हणायच्या, "आधी हात, मग पेन. कागद वाईट नाही गं, कागद आधी येतो ते वाईट."

आणि कागद आधीच यायचा. आम्ही त्याला 'तक्ते उरकणं' म्हणायचो. कामाची पाळी सुरू झाली की टेबलाशी बसून पुढच्या दोन-तीन तासांचे रकाने भरून टाकायचे. नाडी ऐंशीच्या आसपास, बीपी एकशेदहा-सत्तर, रक्तस्राव नेहमीइतका. मग तेवढा वेळ हात मोकळे राहायचे. सगळ्याजणी करायच्या. बहुतेक पेशंट ठणठणीत असायचे आणि आकडेही बहुधा तेच निघायचे, म्हणून आमच्यापैकी कुणालाच ते खोटं वाटत नव्हतं.

प्रमाणपत्रासाठी तपासणी करणारी मंडळी आली तो थंडीतला दिवस. दुपारी अडीच वाजता सारिका बाळंत झाली. पाथर्डीकडची, बावीस वर्षांची. आठव्या महिन्यापर्यंत राहुरीच्या बाजूला कोयता चालवून बाळंतपणाला आईकडे आलेली. मुलगी झाली, चांगली रडली. बाळंतपणानंतरचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी बाईची नाडी, बीपी, पोट आणि रक्तस्राव बघायचा असतो. तेवढ्यात तपासणीवाल्यांनी वॉर्डच्या मुख्य सिस्टरना हॉलमध्ये बोलावलं. लोंढे सिस्टर जायला तयार नव्हत्या. मोठ्या डॉक्टरांनी हात जोडले तेव्हा गेल्या. दारातून मला म्हणाल्या, "सारिकाला तुझ्यावर सोडून चालले."

सव्वातीनला निरोप आला की पाहुणे अर्ध्या तासात वॉर्ड बघायला येतील, फायली तयार ठेवा. मी टेबलाशी बसले आणि सारिकाचे साडेचारपर्यंतचे सगळे रकाने उरकले. साडेतीनच्या सुमाराला तिची आई गोदाबाई टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, पोरीला लई गार वाजतंय. पांघरून द्या की अजून एक." मी कपाटातून ब्लँकेट काढून दिलं. तिच्याबरोबर खाटेपर्यंत गेलेसुद्धा, ब्लँकेट नीट अंगावर घातलं, कडा आत खोचल्या. सारिका माझ्याकडे बघून हसली. पांघरूण उचलून पाहावं हे माझ्या मनात आलं नाही. माझ्या मनात फायली होत्या.

चारला सिस्टर परतल्या, पाहुणे अजून हॉलमध्येच होते. पहिली खाट सारिकाची. त्यांनी पायाला हात लावला आणि दोन्ही ब्लँकेटं एका झटक्यात ओढून खाली टाकली. गादी रक्तानं भिजली होती. सिस्टरनी मूठ करून तिचं पोट दाबून धरलं, मला सलाइन आणि इंजेक्शनं सांगितली, डॉक्टर धावत आले. नगरला न्यायला ॲम्ब्युलन्स दाराशी लागली. सिस्टर स्ट्रेचरबरोबर चालत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "सारिका, माझ्याकडं बघ. इकडं बघ माझ्याकडं." ॲम्ब्युलन्स जागची हललीच नाही. डॉक्टरांनी वेळ लिहिली, चार वाजून वीस मिनिटं.

मी टेबलाशी परत आले तेव्हा सिस्टर सारिकाचा तक्ता हातात धरून उभ्या होत्या. त्यात साडेचार वाजता सारिकाची नाडी ब्याऐंशी होती, माझ्या मोत्यासारख्या अक्षरात. सगळ्याच रकान्यांत ब्याऐंशी. सिस्टर म्हणाल्या, "जित्या माणसाची नाडी अशी एका आकड्यावर बसत नाही, शुभे." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि बाळाकडे गेल्या. मी काय केलं ते पहिल्यांदाच लिहिते आहे. मी कोरा तक्ता काढला, पावणेचारपर्यंत सगळं ठीक आणि मग अचानक बिघाड, असं लिहिलं आणि जुना फाडून टाकला.

चौकशी झाली. सिस्टरना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आले तेव्हा ती गार होती. आधीचं शुभांगीला विचारा." मला विचारलं. मी म्हणाले, "तक्त्यात आहे तेच." अचानक रक्तस्राव, दिरंगाई नाही, असा निष्कर्ष निघाला आणि पुढे प्रमाणपत्रही मिळालं. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणजे त्यांनाही कळलं असावं.

सिस्टरनी मला का उघडं पाडलं नाही, हे मी बऱ्याच महिन्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझी नोकरी गेली असती आणि बाकीच्या दुसऱ्या दिवसापासून जास्त सुबक खोटं लिहायला शिकल्या असत्या. असं मला वाटलं. चुकलंही असेल माझं. मलाही झोप लागत नाही." थोड्या वेळानं त्या पुढे म्हणाल्या, "कमिटीला सांगून काय मिळायचंय? त्या आईला सांग. तिची पोर कशी गेली ते तिला ठाऊक नाही."

मी म्हणाले, सांगेन.

त्यानंतर सिस्टरनी वॉर्डची रीतच बदलली. टेबलावरची पेनं उचलली आणि बँडेजच्या पट्टीनं एकेक पेन एकेका खाटेला बांधलं. लिहायचं असेल तर खाटेशीच जायचं, दुसरीकडे पेनच नाही. पाळी बदलताना टेबलाशी बसून निरोप द्यायचा नाही. जाणारी आणि येणारी अशा दोघींनी प्रत्येक पेशंटला हात लावून बोलायचं. रकाना रिकामा राहिला तर त्या ओरडायच्या नाहीत. "रिकामा हाय ना, मग खरा हाय. का राहिला ते सांग," म्हणायच्या. खरं सांगता यायला लागल्यावर कळलं की दुपारी तीन ते पाच आम्ही दोघीच असायचो. ते लावून धरून त्यांनी तिसरी नर्स मिळवली. पुढच्या हिवाळ्यात अशीच गार पडू लागलेली एक बाळंतीण वेळेत सापडली आणि चालत घरी गेली. तिला निरोप देऊन सिस्टर माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सांगितलंस का?"

हा प्रश्न त्यांनी मला दहा वर्षं विचारला. दिवाळीला फराळ घेऊन गेले की, माझ्या लग्नाच्या मांडवात, माझ्या मुलाला मांडीवर घेतल्यावर. आवाज चढवला नाही, रागावल्या नाहीत. दुसरं बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि विचारायच्या. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, जाणार आहे. त्या निवृत्त झाल्यावर वॉर्ड माझ्याकडे आला, नंतर सगळं रुग्णालयच आलं. खाटेला बांधलेल्या पेनांचं दुसरी रुग्णालयं कौतुक करायला लागली आणि मी ठिकठिकाणी भाषणं द्यायला लागले. एका भाषणाला सिस्टर शेवटच्या रांगेत येऊन बसल्या होत्या. मी सांगत होते, एका रुग्णाच्या बाबतीत नोंदी वेळेवर झाल्या नाहीत. चहाच्या वेळी त्या जवळ आल्या. "'नोंदी झाल्या नाहीत' म्हणालीस. नोंदी कोण करतं गं, भूत?" मी हसून विषय बदलला. मला आजही पेशंटची नाडी ब्याऐंशी लागली की पुन्हा मोजावी लागते. कधी कधी तिसऱ्यांदाही.

दोन वर्षांपूर्वी सिस्टर आमच्याच रुग्णालयात दाखल झाल्या. हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती. एका सकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, "सांगितलंस का?" आता आणखी किती वेळा विचारणार या, असं मनात आलं, आणि मी म्हणाले, "हो. सांगितलं."

"काय म्हणाली आई?"

याची तयारी मी केली नव्हती. म्हणाले, "रडली. मग म्हणाली, देवाची मर्जी."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षर अजून चांगलंच हाय तुझं." आणि भिंतीकडे वळल्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. त्या मधल्या दोन दिवसांत त्या माझ्याशी बोलल्या, औषधं घेतली, चहा मागितला, पण तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. दहा वर्षं ज्या प्रश्नाला भ्याले, तो त्यांनी एकदा तरी विचारावा म्हणून मी खाटेशी बसून राहिले होते.

दफन झाल्यावर आठवड्यानं मी पाथर्डीकडे गेले. गोदाबाईचं घर विचारत विचारत सापडलं. पत्र्याच्या खोलीपुढे ती शेंगा फोडत बसली होती. तिनं मला ओळखलं नाही. रुग्णालयाचं नाव काढलं तेव्हा तिचे हात थांबले. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. न बघता लिहिलेले आकडे, ब्लँकेट, फाडलेला कागद, चौकशीतलं खोटं, सगळं. मी थांबल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्सं मला वाटायचं, पांघरून मी मागितलं म्हनून कळलं न्हाई कुनाला."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं.

"मला सांगून काय व्हायचं आता? जावई दुसरं करून मोकळा झाला. हिला सांगा," ती म्हणाली आणि खोलीकडे तोंड करून हाक मारली, "दिव्ये." दहा-अकरा वर्षांची मुलगी वही हातात घेऊन बाहेर आली. सारिकाचंच कपाळ. "हिला सगळं गाव म्हनतं, आईला खाऊन आली. शाळंत बी म्हनत्यात. माज्याम्होरं सांगा हिला, जे मला सांगितलं ते."

मी खाली बसले आणि पुन्हा सांगितलं. मोठ्या माणसांपुढे वापरायचे शब्द तिथे चालत नव्हते, म्हणून छोटी छोटी वाक्यं केली. मी बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. बघितलं असं लिहिलं. मुलगी वहीची कड चुरगाळत ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी बघितलं असतं तर आई जगली असती?"

तोंडात 'बहुतेक' आलं होतं. आमच्या कामातला तो सोयीचा शब्द आहे.

मी म्हणाले, "हो."

ती माझ्यावर चिडली नाही, रडली नाही, तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आजीकडे वळली आणि म्हणाली, "आजे, मंग मी न्हवं."